बाहेरच्या खोलीतल्या पोथ्या

झाशी स्टेशनवर हरवलेली वस्तू परत मागायला माणूस आला, की सतवंत कौर त्याच्याकडे अशा बघायच्या, की वस्तू आपलीच आहे ना याची त्याला स्वतःलाच शंका यायची.

"छाता छूट गया था, बहनजी."

"कैसा?"

"काला."

"काला तो सबका होता है, भैया. मूठ बताइए."

बहुतेकांना मूठ आठवायची नाही. "रोज़ हाथ में क्या पकड़ते थे? बादल?" असं विचारून त्या रजिस्टर मिटायच्या. माणूस हिरमुसून दारापर्यंत गेला की मागून हाक यायची, "इधर आइए. लकड़ी की थी, नीचे से घिसी हुई?" आणि छत्री काउंटरवर यायची. वस्तू द्यायची हे त्यांचं आधीच ठरलेलं असायचं. फक्त माणसाला जरा लाज वाटली पाहिजे, असं त्यांचं मत होतं. ज्याला आपल्या वस्तूची मूठ माहीत नाही, त्याने ती वापरलीच नाही, नुसती बाळगली.

रेल्वे कॉलनीत त्या आमच्या शेजारी राहायच्या. बाबा लोको शेडमध्ये होते. आम्ही मूळचे भुसावळचे, आणि घरात मराठी टिकवायची म्हणून आई दाराबाहेरच्या हिंदीशी रोज झगडायची. सतवंत कौरांना मी आणि माझा भाऊ बीजी म्हणायचो. त्या आईला भाभी म्हणायच्या आणि आई त्यांना बहनजी. फाळणीत त्या सासरच्या माणसांबरोबर पलीकडून आल्या. नवरा रेल्वेत गार्ड झाला आणि यार्डात शंटिंगच्या वेळी गेला. त्याच्या जागी यांना कारकुनाची नोकरी मिळाली आणि पार्सल ऑफिसच्या टोकाची, हरवलेल्या सामानाची खोली त्यांच्या ताब्यात आली. मूलबाळ नव्हतं. उंच, हाडकुळी बाई. पांढरी सलवार-कमीज, मनगटावर नवऱ्याचं पुरुषी घड्याळ, आणि चालणं असं, की बरोबरीने चालायला मला पळावं लागायचं.

क्वार्टर दोन खोल्यांचं, आमच्यासारखंच. पण त्या दोन खोल्यांतल्या एका खोलीतच राहायच्या. आतली खोली बाबाजींची होती. बाबाजी म्हणजे त्यांचा ग्रंथसाहेब. सासऱ्यांनी तो डोक्यावर घेऊन सरहद्द ओलांडली होती. आत एक लहानशी मंजी, म्हणजे चौरंगाएवढी खाट, तिच्यावर गादी, रेशमी रुमाल, वर छताला बांधलेला चांदवा. पहाटे अंघोळ करून बीजी तिथे ग्रंथ उघडायच्या, वाचायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून निजवायच्या. स्वतः बाहेरच्या खोलीत दोरीच्या खाटेवर झोपायच्या. पाहुणे आले तर व्हरांड्यात. पंखा मात्र आतल्या खोलीत.

एवढं शीख घरात असतंच. इतर शीख घरांत नव्हतं ते बाहेरच्या खोलीतलं भिंतीतलं फडताळ.

त्याची सुरुवात एका चण्याच्या पुडीने झाली, असं त्या सांगायच्या. प्लॅटफॉर्मवर एकदा चणे घेतले, तर पुडीचा कागद कुठल्या तरी ग्रंथाचा होता. उर्दूसारखी अक्षरं, पण उर्दू नव्हे. उर्दू त्यांना शाळेत शिकवलेलं होतं. चणे त्यांनी कुत्र्याला टाकले आणि कागद घेऊन मशिदीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मौलवींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. तेव्हा बीजींच्या लक्षात आलं, की आपल्याच खोलीतून दर लिलावाला पुस्तकांचा गठ्ठा वजनावर रद्दीत जातो, आणि त्या गठ्ठ्यात काय काय असतं हे आपण कधी बघितलेलं नाही. गाड्यांमध्ये माणसं पोथ्या फार विसरतात. प्रवासात भीती वाटते म्हणून वाचायला काढतात, आणि स्टेशन आलं की भीती संपते.

त्यांनी साहेबांना अर्ज केला. धर्मग्रंथ लिलावातून वगळावेत आणि मालक मिळेपर्यंत आपल्या घरी ठेवायची परवानगी मिळावी. साहेब म्हणाले, घेऊन जा, कोण विचारतंय. बीजी म्हणाल्या, लिहून द्या. साहेबांनी वैतागून लिहून दिलं. तो कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

मग ठेवायचं कसं, हा प्रश्न आला. दुसरं कुणी असतं तर सगळं एका ट्रंकेत भरून मोकळं झालं असतं. बीजी विचारायला निघाल्या. मौलवींकडे गेल्या, सिव्हिल लाइन्समधल्या चर्चच्या पाद्रीबाबांकडे गेल्या, मारवाड्यांच्या घरी जैन आजीबाईंकडे गेल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न. "आपकी किताब मेरे घर मेहमान है. उसको क्या पसंद है, क्या नहीं?" मौलवींनी सांगितलं, कापडात गुंडाळून उंचावर ठेवा, वर काही ठेवू नका, हात लावायचा तर मध्ये कापड घ्या. पाद्रीबाबा म्हणाले, कोरड्या जागी ठेवा आणि जमलं तर वाचा. बीजींना हे उत्तर फार पुचाट वाटलं. "बस इतना? कोई परहेज़ नहीं?" असं त्यांनी दोनदा विचारलं म्हणे.

मराठी पोथ्यांसाठी त्या आमच्या घरी आल्या. जवळच्या बबीना छावणीतल्या मराठी फौजींच्या बायका गावी जाताना त्या पोथ्या गाडीत विसरायच्या. आई म्हणाली, "सोवळ्यात ठेवायची. पाय लावायचा नाही. वाचायच्या आधी हातपाय धुवायचे."

"सोवळा क्या होता है, भाभी?"

आईने अर्धा तास सांगितलं. बीजींनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "मतलब, साफ़ कपड़ा, और उसको कोई छुए नहीं. आप भी नहीं?"

"हो. म्हणजे, मी चालते. अंघोळ झाल्यावर."

"तो फिर मैं भी नहाके."  पुढे आई बाबांना म्हणाली, की ही बाई शब्दांत पकडते.

तर असं ते फडताळ. डोक्याच्या वर, खाली बसणाऱ्याचे पाय तिकडे होणार नाहीत अशा भिंतीत. प्रत्येक ग्रंथाला वेगळं धुतलेलं कापड, प्रत्येकावर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: कुठली गाडी, कुठला डबा, कधी. कापडं त्या रविवारी इस्त्री करायच्या. घरात येणाऱ्या तिकीट तपासनिसांना विडीचं बंडल बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवून यावं लागायचं. तंबाखू तर बाबाजींच्या घरात चालतच नव्हती, पण बीजी वर असंही म्हणायच्या, की मेहमानों में से भी किसी को पसंद नहीं. हे त्यांनी पाद्रीबाबांनाही विचारून घेतलं होतं. पाद्रीबाबा स्वतः पाइप ओढायचे. ते काय म्हणाले, ते बीजींनी कधी सांगितलं नाही.

या फडताळावरून त्यांना दोन्हीकडून ऐकावं लागलं. कानपूरहून त्यांचे थोरले दीर यायचे. दाढी पांढरीशुभ्र, आवाज दाराबाहेर ऐकू जाणारा. एकदा मी तिथे वाटाणे सोलत बसले होते.

"सतवंत, जिस घर में गुरु महाराज बैठे हैं, वहाँ तूने दुनिया भर की किताबें बिठा रखी हैं?"

"बिठाई नहीं, भाईजी. रखी हैं. बैठे तो अंदर हैं, अकेले."

"मत्था टेकती है इनको?"

"मत्था एक ही जगह टेकती हूँ. पर गली में किसी का बाप मिल जाए तो रास्ता तो छोड़ती हूँ ना? उसको बाप नहीं कहती, धक्का भी नहीं देती."

दीर फडताळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताला तो लगाया कर." माझ्या मते ती संमती होती.

दुसरी बाजू आमची. बबीनाच्या एका सुभेदारांच्या बायको आईबरोबर बीजींकडे आल्या आणि बघून फणकारल्या, "म्हणजे यांचा ग्रंथ आत चांदव्याखाली, आणि आमची पोथी बाहेर भिंतीत?"

आईने ते हिंदीत सांगायचं टाळलं, पण बीजींना तोपर्यंत मराठी कळायला लागलं होतं.

"आपके घर मेहमान आता है, तो देवघर में सोता है?"

"नाही."

"तो बुरा मानता है?"

सुभेदारीणबाई चहा न घेता गेल्या. पुढल्या महिन्यात त्यांचीच पोथी गाडीत राहिली, ती घ्यायला पुन्हा आल्या, तेव्हा मात्र घेतला.

बराबर नहीं, पर बेइज़्ज़त भी नहीं. हे बीजींचं नेहमीचं वाक्य होतं. मला लहानपणी ते साधं वाटायचं. नंतर रेल्वेत स्वतः तीस वर्षं काउंटरमागे बसल्यावर कळलं, की बहुतेक लोकांना यातलं एकच जमतं. ते एक तर सगळ्यांना सारखंच म्हणतात आणि कुणाचंच नीट ऐकत नाहीत, किंवा आपलं ते आपलं म्हणतात आणि दुसऱ्याच्या वस्तूवर पाय देतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

फडताळात एक जुनं कुराण होतं. पॅसेंजरमध्ये सापडलेलं, पातळ मलमलीच्या पिशवीत. एका बाजूचा पुठ्ठा निखळलेला आहे एवढं कापडावरून हाताला कळायचं. पिशवीला चिरगावच्या एका शिंप्याची खूण शिवलेली होती. बीजींनी चिरगावच्या पोस्टमास्तरांना पत्रं घालून घालून वर्षभराने मालक शोधला. अनवर मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या आईला दवाखान्यात नेताना गडबडीत पिशवी डब्यात राहिली होती. ती पुढे वारली. मास्तरांनी लिहिलं, की पुस्तक त्यांच्या आजोबांचं आहे आणि शेवटच्या पानावर घरातल्या सगळ्यांचे जन्म लिहिलेले आहेत, तीन पिढ्यांचे, दुसरीकडे कुठेच नोंद नाही. महिन्या-दोन महिन्यांत येतो, जपून ठेवा. बीजींनी उलट पत्र टाकलं: "जैसी आई थी, वैसी ही है. आराम से आइए."

त्यानंतर पंधरा दिवसांत बीजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. रेल्वे हॉस्पिटलमध्ये तीन आठवडे. बाबाजींची रोजची सेवा कोण करणार, म्हणून गुरुद्वाऱ्यातली मंडळी येऊन ग्रंथसाहेब मानाने घेऊन गेली, एकजण पुढे पाणी शिंपडत, एकाच्या डोक्यावर ग्रंथ. घराची किल्ली आईकडे आली. सूचना एकच होती: झाडू मारा, बाकी काही हलवू नका.

आणि नेमकी तेव्हाच क्वार्टरांना चुना मारणारी रेल्वेची टोळी आली. वर्षातून एकदा यायची. परत पाठवलं तर पुढल्या वर्षापर्यंत भिंती तशाच. शिडी, बादल्या, चुन्याचे शिंतोडे. फडताळ रिकामं करणं भाग होतं. आई हुशार बाई होती. तिने अंघोळ केली, धुतलेलं पातळ नेसली आणि विचार केला, की घरात सगळ्यांत स्वच्छ आणि उंच जागा कुठली? आतली खोली. आत मंजी रिकामी, वर चांदवा बांधलेला, गादी घातलेली. तिने एकेक ग्रंथ दोन्ही हातांनी नेला आणि तिथे मांडला. मांडताना कापडावरून चाचपून कणा डाव्या हाताला घेतला, म्हणजे पुस्तक सुलटं राहील. आणि एवढे देव एका जागी आलेत, तर तसंच कसं सोडायचं, म्हणून तुळशीच्या पाण्यात कुंकू कालवून प्रत्येक कापडावर बोट लावलं, फूल ठेवलं, उदबत्ती लावली. मी इंटरला होते. दारात उभी राहून बघत होते. मला छानच वाटलं. खोटं कशाला सांगू.

बीजी घरी आल्या त्या दिवशी आईने आपण होऊन सांगितलं, जरा कौतुकाच्या अपेक्षेनेच. "बहनजी, चुना मारला, पण तुमच्या सगळ्यांना मी आत व्यवस्थित ठेवलंय हं."

बीजी आतल्या खोलीच्या दारात थांबल्या. टाक्यांवर हात धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. राग नव्हता. प्लॅटफॉर्मवर आपली गाडी निघून जाताना बघणाऱ्या माणसाचा असतो, तसा होता.

"भाभी," त्या म्हणाल्या, "ये गुरु की जगह है. इस पर कोई नहीं बैठता. मैं राजा को भी न बिठाऊँ."

आई पांढरी पडली. "मला वाटलं, चांगली जागा..."

"हाँ. इसीलिए तो."

वाकायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तरी त्यांनी एकेक ग्रंथ स्वतः उचलून बाहेर नेला. आईला हात लावू दिला नाही. नंतर मंजीवरचे रुमाल काढले, गादीचं कापड काढलं. मग बाहेर एकेक ग्रंथाचं कापड बघत त्या पातळ मलमलीवर आल्या, तेव्हा थांबल्या. बाकीच्या कापडांवर कुंकू वाळून भुरभुरलं होतं. इथे ते आरपार उतरलं होतं. ठिपक्याभोवती निळसर कडा आली होती. शाई फुटल्याशिवाय अशी कडा येत नाही. आईने सुलटं म्हणून ठेवलं होतं, पण ती अक्षरं उजवीकडून चालतात. आईचं सुलटं म्हणजे त्या पुस्तकाचा शेवट. पुठ्ठा निखळलेली बाजू वर. जन्मांचं पान.

संध्याकाळी बाबा आले. चौघं बाहेरच्या खोलीत बसलो. बाबा म्हणाले, "उघडून बघू तरी, कितपत लागलंय."

"खोलना मेरा काम नहीं, भाईसाहब."

"मग कापड बदला. नवी मलमल, तशीच. पुस्तक जुनंच आहे, त्याला वाटेल आधीचाच डाग असेल."

"मैंने लिखा है, जैसी आई थी वैसी है."

"म्हणून तर सांगतोय." बाबांनी आवाज खाली आणला. "बहनजी, दिवस कसे आहेत बघता ना. मुसलमानाच्या कुराणावर हिंदू बाईचं कुंकू, शीख बाईच्या घरात. उद्या तो दहा माणसं घेऊन आला म्हणजे?"

"तो दस कप चाय बनेगी," बीजी म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडून पोस्टकार्ड मागून घेतलं आणि आमच्यासमोर लिहिलं. काय लिहिलं ते वाचून दाखवलं: आपकी अमानत में मेरे घर में दाग़ लगा है. कहाँ तक लगा, मुझे मालूम नहीं. मैंने खोली नहीं. आप आकर देखिए.

"निदान कुणी लावलं ते तरी लिहा," आई एकदम म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "माझं नाव लिहा."

"आपने हाथ लगाया. घर मेरा था. किस्मत देखिए, मैंने सबसे पूछा कि इनको कैसे रखें, और जिसको चाबी दी, उसी को नहीं बताया." मग आईच्या हातावर हात ठेवून उठल्या. "चलो, अब रोना बंद. मुझे गुरुद्वारे जाना है, माफ़ी माँगनी है. वहाँ भी आपका नाम नहीं लूँगी."

मास्तर रविवारी सकाळच्या बसने आले. एकटेच. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत, हातात नवं हिरवं कापड. बीजींनी त्यांना फडताळासमोर खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. "नल कहाँ है?" त्यांनी विचारलं. अंगणातल्या नळावर हात, तोंड, पाय धुतले. आम्ही सगळे उभे. बाबा दाराशी, रस्त्याकडे लक्ष ठेवून.

बीजींनी मलमलीची पिशवी दोन्ही हातांवर कापड घेऊन त्यांच्यासमोर धरली. मास्तरांनी डाग पाहिला. मग पिशवीची गाठ सोडली आणि शेवटचं पान बघितलं.  शेजारच्या क्वार्टरात कुणी तरी कोळसा फोडत होतं, तेवढा आवाज. त्यांनी त्याच्या आधीची चार-पाच पानं उलटली, प्रत्येक उजेडाकडे धरून बघितलं, मग पुन्हा शेवटच्या पानावर आले.

"अल्लाह के कलाम पर नहीं लगा," ते म्हणाले. "हम लोगों पर लगा है."

त्यांनी पान बीजींच्या बाजूला वळवलं.

"एक नाम गया. सलमा. छोटी बहन थी मेरी. चार बरस की होकर गुज़र गई." त्यांनी बोट पानापासून वर, हवेत धरलं होतं. "अब्बा ने लिखा था ये. उसका और कुछ नहीं था हमारे पास."

आई पुढे झाली. पदर डोक्यावर घेतला होता, जो ती कधी घ्यायची नाही. "भाईसाहब, वो मैंने लगाया. इनको मालूम नहीं था. हमारे में जिसको बड़ा मानते, उसको लगाते हैं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "हमारे में नहीं लगाते, बहन."

"अब मालूम हुआ."

"हाँ," ते म्हणाले. "महँगा मालूम हुआ."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत, आणि ते म्हणाले नाहीत म्हणून मला त्यांच्याबद्दल आजही आदर आहे. बीजींकडे वळून त्यांनी विचारलं, "आपने कार्ड क्यों लिखा? मैं देखता भी शायद नहीं. इस पन्ने को खोलने की हिम्मत नहीं थी अम्मी के बाद."

"आप कभी तो खोलते."

त्यांनी मान हलवली. आणलेल्या हिरव्या कापडात पुस्तक गुंडाळलं. डागाची मलमल घडी करून बीजींच्या हातात परत दिली. चहा घेतला, अर्धा. दाराशी गेले आणि थांबून आईला म्हणाले, "सलमा. याद रखिएगा. अब लिखा हुआ नहीं है, तो चार लोगों को याद रखना पड़ेगा."

आईने लक्षात ठेवलं. मास्तर आले होते त्या दिवसांत, संक्रांतीच्या सुमाराला, ती दरवर्षी एकदा तरी ते नाव घ्यायची, कुणाशी न बोलता, भाजी निवडताना वगैरे. मीही लक्षात ठेवलंय. त्यात गहिवरण्यासारखं काही नाही. नुकसान केलं की भरपाई करावी लागते, आणि दुसरी भरपाई तिथे शक्य नव्हती.

बीजींनी त्यानंतर दोन गोष्टी केल्या. आईवर राग धरला नाही, ही त्यात मी धरत नाही, तो त्यांचा स्वभावच होता. एक म्हणजे प्रत्येक ग्रंथाला काय चालतं आणि काय चालत नाही हे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी फडताळाच्या दारावर बाहेरून लावलं, किल्ली कुणाकडेही गेली तरी दिसेल असं. मराठी पोथीचं कलम आईने सांगितलं. बीजींनी प्रत्येक नियमाला "क्यों?" विचारलं, आणि निम्म्या नियमांचं कारण आईला माहीत नव्हतं. "लिहा तुम्ही, असंच असतं," आई शेवटी चिडून म्हणाली. बीजींनी तसंच लिहिलं: कारण मालूम नहीं, पर यही करना है. दुसरी गोष्ट म्हणजे वर्षातून एकदा त्या फडताळातले सगळे ग्रंथ त्या त्या धर्माच्या माणसाला घरी बोलावून दाखवायच्या, मी नीट ठेवतेय ना म्हणून. साहेब ऑफिसची तपासणी करतात तशी. मौलवी यायचे, पाद्रीबाबा यायचे. आई स्वतः दर दिवाळीनंतर तपासनीस म्हणून जायची आणि दरवेळी काही तरी खोट काढायची. बीजींना ते आवडायचं.

निवृत्त झाल्या तेव्हा मी बुकिंग ऑफिसात लागले होते. त्या धाकट्या भावाकडे पतियाळ्याला चालल्या होत्या. बाबाजींना गुरुद्वाऱ्यातली मंडळी आधीच तिकडे मानाने पोहोचवून आली होती. फडताळातले ग्रंथ त्यांनी महिनाभर हिंडून ज्याचे त्याला दिले, मशिदीत, चर्चमध्ये, जैन मंदिरात, आणि पोथ्या झाशीतल्या मराठी मंडळींच्या देवळात, प्रत्येकाकडून पोच घेऊन.

एकच उरला. लांबट, अरुंद, दोन फळ्यांमध्ये दोरीने बांधलेला, लांब पल्ल्याच्या एका गाडीत सापडलेला. त्याची लिपी झाशीत कुणालाच वाचता आली नव्हती. मद्रासी गार्डाला दाखवला, बंगाली डॉक्टरांना दाखवला, छावणीतल्या गुरख्यांना दाखवला. कुणी म्हणालं बर्मा, कुणी म्हणालं तिबेट. साहेबांनी सांगितलं, ऑफिसात ठेवून जा. बीजींनी पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा लिहून घेतलं.

"कशाला ओझं घेता, बहनजी," आई स्टेशनवर म्हणाली. "तुम्हाला तर तो कसा ठेवायचा तेही माहीत नाही."

"जिनका है, वो मिलेंगे तो पूछ लूँगी. तब तक जितने परहेज़ मालूम हैं, सब इसके."

गाडी आली. गर्दी होती. बाबांनी ट्रंक आणि बिछाना चढवला, मी पाण्याची सुरई आत दिली. बीजींची जागा खिडकीची होती, पण त्या बसल्या नाहीत. इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडातला तो लांबट ग्रंथ छातीशी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. खालच्या बाकावर ठेवायचा नाही, कारण तिथे माणसं बसतात. वरच्या बाकावर एक तरुण जवान पाय पसरून झोपला होता, उशाशी बूट.

"बेटा," आम्हाला खिडकीतून ऐकू आलं, "जूते नीचे."

"क्या है, माताजी?"

"जूते नीचे, और पाँव उधर. इसको जगह चाहिए."

"इसमें क्या है?"

"मालूम नहीं. इसीलिए."

जवान उठून बसला आणि एकेक बूट खाली द्यायला लागला. तेवढ्यात गाडी हलली. आई खिडकीबरोबर चालत हात हलवत होती, बीजी, बीजी म्हणून, आमच्यासारखंच. बीजींनी आमच्याकडे वळून मान झुकवली. जागा अजून पुसून व्हायची होती, आणि त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.